बसून वाचायचं संग्रहालय

मास्टर्सच्या थिसिससाठी मी फिलिपिनो कॉमिक्सचं संग्रहालय आखत होते. पहिल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे, मी त्याचं जे मॉडेल नेलं होतं, त्यात तीन मजले उंच मोकळी जागा होती आणि तिच्यातून दार्ना उडत होती. फिलिपिन्समध्ये दार्ना कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. नार्दा नावाची साधी मुलगी पांढरा खडा गिळते, स्वतःच्या नव्या रूपाचं नाव ओरडते आणि आभाळात झेपावते. मार्स रावेलोंनी तिला 1950 मध्ये आणलं, चित्रं काढली नेस्टर रेदोंदोंनी. मला वाटलं, कॉमिक्सच्या संग्रहालयात आत पाऊल टाकल्या टाकल्या लोकांना तीच दिसली पाहिजे. भिंती पांढऱ्या, फ्रेम काळ्या, प्रत्येक फ्रेमवर दिवा.

परीक्षकांमध्ये एक सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी मॉडेलभोवती सावकाश एक चक्कर मारली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण मी कोमिक्स वाचायला बसू कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सात महिने मी त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होते, आणि हा अनुभव त्याचाच आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मनिलाला आलो. पुण्यात मी पंधरा वर्षं इंटिरिअरची कामं केली होती. इथे आल्यावर एका विद्यापीठात प्रदर्शन-रचनेच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. थिसिससाठी विषय निवडताना गाइडसरांनी एकच अट घातली होती, की ज्याच्याविषयी आतून काही वाटत नाही असा विषय घेऊ नका. त्या सुमारास एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला 1960च्या दशकातले कोमिक्सचे अंक सापडले. भाषा कळत नव्हती, पण चित्रं पाहून मी तिथेच खाली बसले. ब्रशच्या एका फटकाऱ्यात घोड्याची अख्खी मान!

इथे स्पेलिंगही वेगळं करतात आणि उच्चारही. 'कोमिक्स' हा आता त्यांचा स्वतःचा शब्द आहे. टोनी वेलास्केझ यांनी 'लिवायवाय' साप्ताहिकात 11 जानेवारी 1929 रोजी केन्कॉय नावाचा चटपटीत पोरगा आणला, लेखन रोमुआल्दो रामोस यांचं. तो इतका लाडका झाला की विनोदी माणसाला 'केन्कॉय' म्हणायची पद्धत पडली, आणि ती अजून आहे. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये 'हलाखाक' हे कोमिक्सचं मासिक निघालं. ते दहा अंकांत बंद पडलं, पण पुढच्याच वर्षी 'पिलिपिनो कोमिक्स' सुरू झालं आणि मग हे वेड देशभर गेलं. एका अंकात कादंबरीची साधारण चार पानं यायची आणि शेवटी शब्द असायचा 'इतुतुलोय', म्हणजे क्रमशः. फ्रान्सिस्को कोचिंग यांच्यासारखा माणूस कथाही स्वतः लिहायचा आणि चित्रंही स्वतः काढायचा. 2014 मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला. ज्या कलेला शाळेत मास्तर हातातून हिसकावून घेत, तिला देशाचा सर्वोच्च मान मिळायला इतका वेळ लागला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मूळ चित्रं पाहिल्याशिवाय भिंत कशी आखणार? ओळखीतून ओळख काढत मी एका संग्राहकांच्या घरी पोचले. इथे वयस्कर माणसाला 'लोलो' म्हणजे आजोबा म्हणतात, मीही त्यांना लोलोच म्हणू लागले. त्यांनी आधी मला हात धुवून, पुसून, पंख्याखाली वाळवून यायला सांगितलं. मग कपाटातून एक सपाट पेटी काढली.

त्या पानावर पावसात उभी असलेली एक बाई होती. छापील अंकात हा पाऊस म्हणजे नुसत्या तिरक्या रेघा दिसतात. मूळ पानावर तो पाऊस म्हणजे काळ्या शाईवर पांढऱ्या रंगाने एकेक करून ओढलेली रेघ होती. लोलोंनी टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तर त्या पांढऱ्या रेघांना उंची आली, बोटाला लागतील इतकी. एका फुग्यातला संवाद कापून दुसरी पट्टी चिकटवली होती आणि तिचा डिंक तपकिरी पडला होता. बाईच्या चेहऱ्याखाली निळ्या पेन्सिलीत आधीचा दुसराच चेहरा होता, जरा तरुण. समासात छापखान्यासाठी लिहिलेली मापं, आणि खालच्या कोपऱ्यात कपाच्या बुडाचा चहाचा गोल डाग.

मी त्या डागाकडे बराच वेळ बघत बसले. रात्री उशिरा कुणीतरी अंक वेळेत द्यायचा म्हणून काम करत होतं, आणि त्याने कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तो तिथे ठेवला होता.

लोलो म्हणाले, असली पानं फार थोडी उरलीत. छापून झालं की प्रकाशकाच्या लेखी त्यांचं काम संपलेलं असे. बहुतेक चित्रकारांना मूळ पानं परत मिळाली नाहीत. जी वाचली ती उकाड्याने, पुराने आणि वाळवीने खाल्ली. वाळवीला इथे 'आनाय' म्हणतात, आणि हा शब्द लोलो ज्या रागाने उच्चारत तो अजून माझ्या कानात आहे. सान पाब्लो शहरात गेरी अलांगिलान यांनी कोमिक्सचं छोटं संग्रहालय उभारलं होतं. ते स्वतः कोमिक्सचे चित्रकार, आणि शिक्षणाने वास्तुविशारद. 2019 मध्ये ते गेले. जुनी पानं शोधायची, स्कॅन करून लोकांपुढे ठेवायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. माझ्या टेबलासमोर मी त्यांचा फोटो लावला होता, कंटाळा आला की त्याच्याकडे बघायचे.

घरी आल्यावर माझं पहिलं मॉडेल माझं मलाच खटकायला लागलं. प्रत्येक फ्रेमवर दिवा! कागदावरच्या चित्राला 50 लक्सच्या वर उजेड देऊ नये असा दंडक आहे, म्हणजे दिवाणखान्यातल्या संध्याकाळच्या मंद दिव्याएवढा. आणि उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, पान नंतर अंधारात ठेवलं म्हणून ते भरून येत नाही. छापलेल्या अंकांची अवस्था त्याहून नाजूक. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य तसंच राहिलेलं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यात मनिलाची हवा आमच्या कोकणासारखी दमट. वातानुकूलन चोवीस तास चालेल यावर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून मी मूळ पानांसाठी हवाबंद पेट्या आखल्या, तळाला सिलिका जेलचा कप्पा. वीज गेली तरी पेटीतली हवा काही दिवस तग धरते. आणि प्रत्येक पान तीन महिने बाहेर, मग काही वर्षं विश्रांती, असं वेळापत्रक केलं. संग्रहालयाच्या आराखड्यात भिंतींपेक्षा हे वेळापत्रक महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

साइट मिळाली एस्कोल्ता या जुन्या व्यापारी रस्त्याच्या मागच्या गल्लीत, युद्धाआधीची एक रिकामी तीन मजली इमारत. एका कार्यालयातून तिचे जुने नकाशे मिळवायला मला नऊ आठवडे लागले, आणि ते चुकीचे निघाले. दोन खांबांमधलं अंतर कागदावर पाच मीटर, प्रत्यक्षात चार मीटर वीस. त्या अंतरावर मी पेट्यांची अख्खी रांग बसवली होती. सगळं पुसलं. मैत्रिणीला सोबत घेऊन दोन दिवस टेपने इमारत मोजली आणि नवे प्लॅन काढले. जुनी इमारत असेल तर आधी टेप घेऊन जा, हे मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

मोजताना तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसली, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. पासिग नदी हाकेच्या अंतरावर. 26 सप्टेंबर 2009 ला ऑन्डॉय वादळात मनिलात 24 तासांत 455 मिलिमीटर पाऊस पडला होता. ज्यांनी मुंबईचा 26 जुलै पाहिला त्यांना त्या रेघेचा अर्थ लगेच कळेल. म्हणून साठवणीची खोली तळघरात नाही, वरच्या मजल्यावरही नाही, कारण छत गळतं. ती मधल्या मजल्यावर, इमारतीच्या पोटात. इथली जुनी घरंही हेच करत आली आहेत, खाली दगड आणि गाडी-सामान, वर लाकूड आणि माणसं.

त्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले असतात, कापिस म्हणतात त्यांना. ते प्रथम पाहिले तेव्हा मला आजोळ आठवलं. गोव्यात आजीच्या शेजारच्या जुन्या घराला अशाच खिडक्या होत्या, त्याच जातीच्या शिंपल्यांच्या, लाकडी चौकटीत चौकोनी कापून बसवलेल्या. दुपारी तिथे बसलं की ऊन दुधासारखं होऊन आत यायचं. इतक्या दूर दोन किनाऱ्यांवर लोकांना एकच गोष्ट सुचावी याचा मला फार आनंद झाला. माझ्या आराखड्यातल्या खिडक्यांना मी कापिसच लावले.

एस्कोल्ताने आणखी एक गोष्ट दिली. फिलिपिनो कोमिक्सची सुरुवात बरेच जण इथले राष्ट्रपुरुष आणि लेखक होसे रिझाल यांच्यापासून धरतात. 1880च्या दशकात पॅरिसमध्ये असताना त्यांनी एका वहीत माकड आणि कासवाची लोककथा चित्रांच्या चौकटी काढून सांगितली. ती वही पाझ पार्दो दे तावेरा यांची, चित्रकार हुआन लुना यांच्या पत्नीची. त्यांचा मुलगा आंद्रेस लुना दे सान पेद्रो पुढे वास्तुविशारद झाला, आणि एस्कोल्तावरची 1928ची, आता फर्स्ट युनायटेड म्हणतात ती इमारत त्याचीच. म्हणजे ज्या बाईच्या वहीत पहिलं कोमिक्स उमटलं, तिच्या मुलाची इमारत माझ्या साइटपासून पाच मिनिटांवर! 1892 मध्ये हुआन लुनांनी पाझना गोळी घालून ठार केलं. त्यांचं नाव नेहमी 'लुनाची बायको' असंच येतं. माझ्या पहिल्या दालनाच्या फलकावर मी आधी त्यांचं नाव लिहिलं, मग रिझालांचं.

पण वाचायला बसायच्या जागेचं काय? हे लोलोंनीच सोडवलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही लहानपणी कोमिक्स कुठे वाचायचात? ते म्हणाले, विकत घ्यायला पैसे कुठे होते? कोपऱ्यावर ठेला असे, दोरीवर अंक चिमट्यांनी टांगलेले, खाली एक लांब बाकडं. काही सेंतावो द्यायचे, तिथेच बसून वाचायचं आणि परत करायचं. शेजारी बसलेला पोरगा हळू वाचत असेल तर पान उलटायच्या आधी त्याच्याकडे बघायचं.

मी क्षणात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात पोचले. मे महिन्याची सुट्टी, दादाने दिवसाच्या भाड्याने आणलेला इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, आणि आम्ही दोघं पालथे पडून एकाच अंकात डोकं घातलेलं. दादा पान उलटायच्या आधी विचारायचा, "झालं का गं?" ज्युरीतल्या त्या बाई काय विचारत होत्या ते मला तेव्हा कळलं.

मी सगळा प्लॅन उलटा केला. दार्ना छतातून उतरली. तळमजला रस्त्याला पूर्ण उघडा ठेवला, तिकीट नाही, दोऱ्या, चिमटे आणि बाकडी. अंक पुनर्मुद्रित, साध्या कागदावर, मळले तर बदलायचे. पाणी आलं तर बाकडी धुवायची आणि पुन्हा मांडायची, तिथे नुकसान होण्यासारखं काही ठेवलंच नाही. वाचून झालेला माणूस वर जातो. तिथे आधी अंधारी वळणाची वाट, डोळे सरावायला, आणि मग 50 लक्समध्ये तेच पान, ज्या हाताने काढलं त्या हाताच्या खुणांसकट. आडव्या उजेडाचा एक छोटा दिवा मी पेटीबाहेर ठेवला. बटण दाबलं की दहा सेकंद लागतो, आणि पावसाच्या रेघा उठून दिसतात.

दालनं चार-चार पेट्यांची केली, अंकातल्या चार पानांसारखी. प्रत्येक दालन मध्येच तुटतं आणि दारावर 'इतुतुलोय'. सगळ्यात अवघड गेलं 1970च्या दशकाचं दालन. 1971 मध्ये अमेरिकेतल्या डीसी कंपनीची माणसं इथे चित्रकार शोधायला आली. टोनी डेझुनिगा आधीच तिकडे पोचले होते, मग आल्फ्रेदो अल्काला, अॅलेक्स निन्यो, रेदोंदो यांच्या रेघा अमेरिकन वाचकांपर्यंत गेल्या. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा लागू केला. तिकडे दारं उघडत होती आणि इकडे मजकुरावर पहारा बसत होता. मी या दालनाला दोन दारं दिली, एक रुंद आणि एक जेमतेम खांद्याएवढं, आणि दोन्ही पुढच्या एकाच खोलीत उघडतात.

शेवटच्या ज्युरीला मी बाकड्याचा एक तुकडा खऱ्या मापात बनवून नेला होता, वर दोरी, चिमटे आणि सहा अंक. मी प्लॅन समजावत होते, आणि त्या सत्तरीच्या बाई शीटकडे न येता थेट बाकड्यावर जाऊन बसल्या. त्यांनी एक अंक काढला आणि वाचायला लागल्या. बाकीचे परीक्षक थांबले, मीही थांबले. चार पानं वाचून त्यांनी विचारलं, "पुढचा अंक?" मग हातातला अंक परत टांगायला त्या उठल्या. चिमट्यापर्यंत पोचायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या, आणि अंक हातातून निसटला.

दोरी मी त्याच संध्याकाळी 30 सेंटिमीटर खाली आणली.