अर्धा किलो दगडाचं पीठ

न्हाणीघरातला आधाराचा दांडा भिंतीतून निघून अण्णांच्या हातात आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. नशीब, ते बसायच्या बेतात होते, उठायच्या नाही. स्टुलावर धपकन बसले एवढंच. आईने फोनवर सांगितलं ते असं: "तुझा दांडा आला बरं का बाहेर. बोल्ट तुझ्यासाठी ठेवलेत."

"तुझा" हा शब्द मला लागला, पण त्यात तथ्य होतं. मिस्त्री मीच ठरवला होता.

शनिवारी गावी गेलो. आमचं गाव वाईजवळ. अण्णांनी ४० वर्षं गवंडीकाम केलं. आता वय ७४, छातीचं दुखणं, श्वासाचे दोन पंप, आणि डॉक्टरांची एकच तंबी: धूर आणि धूळ, दोन्हींपासून लांब. आईने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले बोल्ट पाहिले. केमिकल वापरून बसवलेले होते, म्हणजे भोकात रेझिन भरून त्यात आट्यांची सळई फिरवत घालायची. रेझिन सळईला घट्ट चिकटून दगडासारखं झालं होतं. पण बाहेरून त्यावर राखाडी भुकटीचा सबंध थर, जणू पिठात घोळवून तळायचं राहिलेलं भजं. रेझिनने आपलं काम चोख केलं होतं. फक्त ते काँक्रीटला न चिकटता भोकातल्या धुळीला चिकटलं होतं.

अण्णांनी ते बोटावर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "भिंत ओली केल्याशिवाय गिलावा धरतो का? तसंच हे. खालचं साफ नसेल तर वरचं कशाला धरेल?"

नियम साधा आहे आणि केमिकलच्या नळीवर चित्रांसकट छापलेला असतो. भोक पाडलं की आत हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची, आणि हे सगळं एकदा नाही, आलटून पालटून. मिस्त्रीने तोंडाने एक फुंकर मारली होती. मी समोरच उभा होतो. फुंकर मारताना त्याने डोळे मिटले होते, एवढंही मला आठवतं.

त्या दिवसाची दुसरी गोष्ट मला जास्त खुपत होती. धूळ उडेल म्हणून मी घरातला व्हॅक्युम क्लीनर काढून त्याचं तोंड भोकाखाली धरलं होतं. जाड भुकटी आत जात होती आणि मी खूश होतो. मग खिडकीतून उन्हाचा कवडसा आला आणि दिसलं, की व्हॅक्युमच्या मागच्या जाळीतून धूर निघावा तशी धूळ बाहेर येतेय. कापडी पिशवीतून बारीक भुकटी सरळ आरपार जात होती. म्हणजे मी भिंतीजवळची धूळ उचलून सगळ्या घरभर नीट वाटत होतो. अण्णा पुढचे चार दिवस खोकत होते.

पुण्याला परतल्यावर वाचत बसलो. काँक्रीटच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचे अगदी बारीक कण, काही मायक्रॉनचे, नाकात अडकत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळाला जाऊन बसतात आणि परत येत नाहीत. सिलिकोसिस म्हणतात तो फुफ्फुसाचा आजार हाच. १९९७ पासून जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अशा सिलिकेला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात धरते. अमेरिकेने २०१६ साली नियम केला: कामगाराच्या श्वासातल्या हवेत आठ तासांची सरासरी एका घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर नको. हा आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून मी आमच्या न्हाणीघराचा हिशोब केला. आत साधारण १० घनमीटर हवा. म्हणजे मर्यादा गाठायला अर्धा मिलिग्रॅम पुरे. आणि १२ मिलिमीटर जाडीचं, ९० मिलिमीटर खोल एक भोक पाडलं की भुकटी निघते २४ ग्रॅमच्या आसपास. सगळी काही सिलिका नसते आणि सगळी काही हवेत तरंगत नाही. पण कुठे अर्धा मिलिग्रॅम आणि कुठे २४ ग्रॅम!

हे वाचताना अण्णांपेक्षा त्या मिस्त्रीचा पोरगा डोळ्यांपुढे येत होता. सतरा-अठरा वर्षांचा असेल, नाकाला गमछा बांधून ड्रिलखाली उभा होता. विणलेल्या गमछाने ही धूळ अडत नाही.

उपाय सापडला तो असा, की आत पोकळ असलेलं बिट (ड्रिलला लावतात ती भोक पाडायची सळई) मिळतं. नेहमीच्या बिटला पीळ असतो, भुकटी त्या पिळातून मागे येते आणि खाली सांडते. या बिटला पीळच नाही. सरळ, गुळगुळीत नळी. टोकाला कार्बाइडचं पातं, पात्याशेजारी बारीक छिद्रं. मागच्या बाजूला एक न फिरणारी कॉलर, तिला व्हॅक्युमचा पाइप जोडायचा. टोकाशी भुकटी तयार होते तिथल्या तिथे ओढली जाते, बाहेर यायला तिला वाटच नसते. आणि भोक पाडून झालं की ते आतून आपोआप साफ असतं. केमिकलच्या कंपनीने त्या बिटसाठी तशी मान्यता दिलेली असेल, तर केमिकल भरण्याआधी ब्रश नको, फुंकर नको. माझी दोन्ही दुखणी एकाच औषधाने जाणार होती. एखादी गोष्ट इतकी सोयीची दिसली की मला संशय येतो, पण इथे तो खोटा ठरला. जवळजवळ.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. पहिल्या तीन दुकानांत "पोकळ बिट" म्हटल्यावर मोठ्या भोकांचा कोअर कटर पुढे केला. चौथ्याने ओळखलं, पण १२ मिलिमीटरच्या खाली त्याच्याकडे काही नव्हतं. किंमत ऐकून मी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. तेवढ्या पैशांत साधी चाळीस बिटं आली असती. हॅमर आणि व्हॅक्युम मात्र भाड्याने घेतले. व्हॅक्युम 'एम' क्लासचा, म्हणजे आत गेलेल्या धुळीतली ९९.९ टक्के तो धरून ठेवतो आणि मधूनमधून टक-टक करत स्वतःचा फिल्टर झाडतो.

हॅमरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरोघरी जे ड्रिल असतं ते हे नव्हे. घरच्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात. आवाज मोठा, ठोका लहान, आणि तुम्ही जितकं अंग टाकाल तितकाच जोर. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो, तो हवेच्या गादीतून बिटच्या मागे ठोके घालतो. त्याला दाबायचंच नसतं, नुसतं धरून ठेवायचं. बिट चकात, म्हणजे ड्रिलच्या तोंडाच्या पकडीत, आवळायचंही नसतं, खाचांचा दांडा आत सारला की कट्ट करून बसतो. साइटवर या मशीनला, कुठल्याही कंपनीचं असो, हिल्टीच म्हणतात.

पहिला धडा विजेने दिला. व्हॅक्युमवरच एक सॉकेट असतं, त्यात हॅमरची पिन घालायची, म्हणजे हॅमर सुरू झाला की व्हॅक्युम आपणहून सुरू होतो आणि नंतरही काही सेकंद चालू राहतो. मी व्हॅक्युमची पिन खोलीतल्या साध्या एक्स्टेंशन बोर्डात घातली. हॅमर ८०० वॅट, व्हॅक्युम १२०० वॅट. दोन्ही मिळून जवळजवळ ९ अँपिअर, आणि बोर्ड ६ अँपिअरचा. तिसऱ्या मिनिटाला जळका वास आला. अण्णा ओसरीवरून ओरडले, "अरे, गीझरच्या प्लगात लाव की!" नाकाने अजून काम सोडलेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

न्हाणीघराचं काम तासाभरात उरकलं. टाइलवर ठोका चालू ठेवला तर ती तडकते, म्हणून टाइलपुरतं भाल्यासारख्या टोकाच्या बिटने नुसतं फिरवून भोक घेतलं, मग पोकळ बिट लावून ठोका सुरू केला. काँक्रीटच्या खांबात बिट वीस-पंचवीस सेकंदांत आत. एका जागी आवाज बदलून टणटणीत झाला आणि बिट पुढे सरकेना. सळई लागली होती. ही बिटं सळई कापत नाहीत, आणि कापू नयेही. खांबाची सळई म्हणजे खांबाचा जीव. दांडा दीड इंच सरकवला. मी फरशीवर ओला पांढरा रुमाल अंथरला होता, परीक्षा म्हणून. शेवटी त्यावर टाइलची चिमूटभर भुकटी होती, पोकळ बिट लावण्याआधीची. बाकी काही नाही.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी, दारच्या पायऱ्यांची. सात पायऱ्या, अखंड काळ्या दगडाच्या, पणजोबांच्या वेळच्या. तिथे कठडा बसवायचा होता. त्याचे चार खांब, प्रत्येकाच्या बैठकीला चार बोल्ट, म्हणजे १६ भोकं. नेहमीच्या घरातलं एम-२० काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनचा दाब सोसतं. चांगला बेसॉल्ट त्याच्या पाचपट तरी सहज सोसतो. बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ फार कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये ते पाव हिश्शाच्या आसपास जातं, हे मी वाचलं होतं आणि त्यामुळे मनात थोडा निवांत होतो. पण दुखऱ्या छातीला धूळ कुठल्या दगडाची, याने फारसा फरक पडत नाही.

अण्णांना दहा पावलं लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला खुर्ची दिली. तिथून त्यांनी हुकूम सोडला, आधी प्रत्येक पायरीवर हातोडीने ठोकून दाखव. सहा पायऱ्या घणघणल्या. पाचवीचा डावा कोपरा बद्द वाजला. "आत चीर आहे. तिथे नको." मला काहीच दिसत नव्हतं. पाण्याचा हात फिरवल्यावर ओलसर केसासारखी रेघ दिसली. तो खांब सहाव्या पायरीवर गेला. बाकी भोकंही कडेपासून चार इंच आत घेतली, नाहीतर ठोक्याने कड उडते.

पहिल्या भोकाला पावणेदोन मिनिटं लागली. अण्णा खुर्चीतून उठून पाच पावलं पुढे आले होते. "हे मारतंय आणि थोडं वळतंय, होय ना?" मी हो म्हटलं. "मग आमचंच की. पाथरवट टाकीवर सुतकी घालतो, टाकी जरा फिरवतो, परत घालतो. एकाच जागी मारली की टाकी रुतून बसते." मशीनचं तत्त्व मी पाच पानं वाचून समजून घेतलं होतं. त्यांना ते दहा पावलांवरून कळलं.

तिसऱ्या भोकात ओढ थांबली. बिट फिरतंय, ठोके पडतायत, पण व्हॅक्युमचा आवाज कोंडल्यासारखा आणि भोकाच्या तोंडाशी राखाडी चिखल. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आईने पहाटे नेहमीसारखा सडा घातला होता, रांगोळीसुद्धा काढली होती. दगडाच्या खळग्यात साचलेलं पाणी भोकात उतरलं, भुकटी कालवली गेली आणि बिटच्या नळीत सिमेंटसारखी बसली. ही बिटं कोरड्या कामाची. आम्ही ते उन्हात वाळवलं, सायकलच्या तारेने टोकाकडून टोकरलं, यात दीड तास गेला. आईचा सडा दोन दिवस बंद. ती म्हणाली, "मग माझी रांगोळी धूळ नाही वाटतं?" तिला उत्तर नव्हतं.

त्यानंतर एक शिस्त पाळली. पोहोचायचं तेवढं खोल गेलं की बिट लगेच ओढायचं नाही. ठोका बंद करून तीन-चार सेकंद तसंच ठेवायचं, नळीतली भुकटी पूर्ण निघून जाऊ द्यायची. नाकावर एन-९५ मास्क आणि कानात बोळे होतेच. व्हॅक्युम आहे म्हणून मास्क काढावा, असं मला वाटलं नाही.

केमिकलचे पहिले दोन-तीन दाब वाया घालवायचे, रंग एकसारखा येईपर्यंत. मग नळीचं टोक भोकाच्या तळाला लावून मागे सरकत दोन तृतीयांश भरायचं आणि सळई फिरवत आत घालायची. ती बसताना तोंडाशी थोडं केमिकल बाहेर आलं पाहिजे. आलं. सोळाच्या सोळा ठिकाणी. संध्याकाळपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

सातच्या सुमारास अण्णा आले. आधी खांब हलवून पाहिले, एकेक करून, चारही. मग कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरले आणि थांबले. मला वाटलं दम लागला. तर म्हणाले, "पिशवी बघू."

व्हॅक्युमची पिशवी बाहेर नेऊन, तोंड बंद ठेवूनच वजनकाट्यावर ठेवली. रिकामीचं वजन वजा करून ५६० ग्रॅम. माझा हिशोब जवळपास जुळत होता, दगडाच्या एका भोकाचे २९-३० ग्रॅम आणि वर न्हाणीघरातल्या भोकांची भुकटी धरून. त्यांना उघडून बघायची होती. मी नाही म्हटलं. त्यांनी बाहेरूनच चिमटीत दाबून पाहिली. "मैदा आहे मैदा. हे आम्ही ४० वर्षं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खिशातला पंप काढून उगीच हातात फिरवला आणि परत ठेवला.

हॅमर आणि व्हॅक्युम सोमवारी परत गेले. बिट माझं होतं, ते मिस्त्रीला दिलं, झालं गेलं विसरून. त्याला ते फारच आवडलं. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, बिट बिघडलंय, एका भोकात बंद पडलं.

"व्हॅक्युम कुठला लावला होता?" मी विचारलं.

"व्हॅक्युम? तो लावावा लागतो होय?"

सायकलची तार आईने खुंटीवरच टांगून ठेवलेली आहे. रविवारी ये म्हणालो.