पऱ्हाटी निंदली, म्हणजे नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते. प्रश्न मला नवा नाही. लग्न होऊन यवतमाळकडे आलेल्या पुण्याच्या सुना, बदलीवर आलेले शिक्षक, कोणी ना कोणी मराठी शिकवणारी बाई म्हणून मला गाठतंच. "इथल्या बायका सकाळी निंदायला जातात, म्हणजे काय करतात? निंदा करणं आणि हे निंदणं एकच का? आणि लिहायचं कसं? निंदणे, नींदणे, की निंदने?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि निंदणं म्हणजे पिकातलं गवत हातानं काढणं. सातारा-कोल्हापूरकडे भांगलतात, कोकणात बेणतात, बऱ्याच ठिकाणी खुरपतात, आमच्याकडे निंदतात. जुलैत सकाळी आठच्या सुमारास आमच्या रस्त्यावर उभं राहा. डोक्याला रुमाल, हातात इळा (विळा), कडेवर डब्याची पिशवी अशा बायकांचा घोळका जाताना दिसेल. "कुठी चालली वं माय?" विचारलं की एकाच शब्दात उत्तर येतं, "निंदाले."

पऱ्हाटी पेरल्यावर पहिले दोन महिने जीव धरून हळूहळू वाढते. गवताला तेवढा धीर नसतो. दोन तासांच्या (पिकाच्या ओळींच्या) मधलं गवत डवरा (बैलाचं कोळपं) काढतो, पण झाडाच्या बुडाशी, अगदी ओळीत उगवलेलं गवत डवऱ्याला लागत नाही. तिथं बाईचाच हात लागतो. एकेक जण एकेक तास धरते आणि उकिडवं बसून सरकत जाते. डाव्या हाताचं बोट पऱ्हाटीच्या देठाला लावून ठेवायचं आणि उजव्या हातानं इळ्याचं टोक मुळाखाली घालायचं, हे माझ्या आईनं मला आठव्या वर्षी शिकवलं. ते बोट कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "झाड आपल्याले सापडलं पायजे, गवत तं सापडतेच."

सगळ्यात खोडीचा केना. निळ्या फुलाचा, मांसल देठाचा. उपटून तिथंच टाकला आणि रात्री पाऊस आला, तर तो पेऱ्यापेऱ्याला मुळं फोडून पुन्हा उभा राहतो. म्हणून केना ओच्यात जमा करून धुऱ्यावर (बांधावर) नेऊन टाकतात. तरोटा मात्र कोवळा असला तर पिशवीत जातो, त्याची भाजी होते.

आता लिहिण्याचं. आमच्याकडे बोलण्यात ण उरलेला नाही. पाणी 'पानी' होतं, लोणी 'लोनी', तसंच 'निंदन'. बोलीत ते बरोबरच आहे. प्रमाण मराठीत लिहिताना शेवटी 'णे' येतो, करणे-बसणे सारखाच, म्हणून 'निंदणे', आणि नाम 'निंदण' किंवा 'निंदणी'. पहिला नि ऱ्हस्व. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठी शब्दात अनुस्वाराआधीचे इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व असतात. चिंच, भिंग, तसंच निंदण. गुजरातीत मात्र शेतातलं 'नींदवुं' दीर्घ लिहितात आणि नावं ठेवण्याचं 'निंदवुं' ऱ्हस्व, त्यामुळे डोळ्यालाच फरक कळतो. मराठीत दोन्ही एकाच वेषात येतात आणि तिथंच घोटाळा होतो.

तो घोटाळा मी भोगला आहे. पाचवीत 'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं, 'माझी आई दुसऱ्यांची वावरं निंदते.' गुरुजींनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि वर्गाला समजावलं की निंदा करणं वाईट असतं. मी घरी येऊन आईला वही दाखवली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. लाल रेघ कशाची, हे मी तिला सांगितलं नाही. पण हा शब्द मी तेव्हापासून सोडलेला नाही.

हे दोन वेगळे शब्द आहेत. नावं ठेवण्याचं निंदणं संस्कृतातल्या 'निन्द्' धातूपासून आलं. शेतातलं निंदणं 'निर्दा'पासून. यातला 'दा' देण्याचा नव्हे, कापण्याचा. विळ्याला संस्कृतात 'दात्र' म्हणतात ते याच धातूवरून. निर् म्हणजे बाहेर, 'निर्दा' म्हणजे कापून काढणं. मग र जाऊन अनुस्वार कसा आला? प्राकृतात अशी वाट पुष्कळ शब्दांनी धरली आहे. दर्शनचं 'दंसण' झालं, वक्रचं 'वंक' (आपला वाकडा तिथूनच), मार्जारचं 'मंजार' आणि पुढे घरातलं मांजर. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात असे शब्द एकत्र नोंदवले आहेत. मार्जारचं मांजर होतं, तसंच निर्दाचं निंद. आमच्या शेजारी छत्तीसगडातही 'निंदाई' म्हणतात, म्हणजे हा केवळ वऱ्हाडाचा हट्ट नाही.

निंदणाऱ्याला संस्कृतात 'निर्दाता' म्हणत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात, 110व्या श्लोकात तो भेटतो: 'यथोद्धरति निर्दाता कक्षं धान्यं च रक्षति'. निंदणारा जसं गवत उपटतो आणि धान्य राखतो, तसं राजानं शत्रूंचा नाश करून राष्ट्र राखावं, असा पुढचा भाग. त्या ग्रंथाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मी लपवत नाही. पण शब्दाचा माग काढताना ही ओळ मिळाली तेव्हा मी वहीतल्या लाल रेघेवर बोट ठेवून बसले होते, हेही खरं.

त्या ओळीत दोन कामं आहेत, उपटणं आणि राखणं. आमच्या बोलीनं ती दोन्ही एका क्रियापदात ठेवली आहेत, आणि मला या शब्दाबद्दल सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. आम्ही गवत 'निंदत' नाही. गवत उपटतो, कचरा काढतो. निंदतो ती पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. 'पऱ्हाटी निंदली' या वाक्यात कर्म पऱ्हाटी आहे, जी वाचवायची आहे. दुसऱ्या निंदण्यात ज्याला निंदलं त्याला इजा होते, यात ज्याला निंदलं ते जगतं. शिवाय बोलण्यात पाहिलं तर 'त्यानं मला निंदलं' असं आज कोण म्हणतं? निंदा करतो, नावं ठेवतो. ते क्रियापद पोथीत राहिलं. रोजच्या तोंडात आहे ते शेतातलं. तेही आता कमी होत चाललंय, कारण तणनाशकाचा फवारा मारला की 'निंदलं' म्हणत नाहीत, 'मारलं' म्हणतात, आणि तिथं कर्म गवत असतं.

श्लोक सापडला त्या रविवारी मी तो आईला अर्थासकट वाचून दाखवला. ती ओसरीवर तुरी निवडत बसली होती. तिनं नीट ऐकून घेतलं, दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "आन् उपटलेला केना कुठी टाकला त्यानं?"

मी पुन्हा श्लोक पाहिला. त्यात ते नव्हतं.