रात्री गाडी कुठे लावता?

रात्री नऊनंतर नागपुरातल्या आमच्या ले-आऊटमध्ये कोणी नवखा शिरला, तर त्याला वाटेल इथे कुणाकडे तरी लग्न आहे. दोन्ही अंगांनी गाड्या, मधून एक कार कशीबशी निघेल एवढी वाट, आणि समोरून दुसरी आली की दोघांपैकी एकाला मुकाट्याने मागे जावं लागतं. लग्नबिग्न काही नसतं. मंडळी घरोघरी वरण-भात जेवून, मालिका पाहून झोपायच्या तयारीत असतात. रस्त्यावर मुक्काम फक्त गाड्यांचा.

या मुक्कामाला कुठलाही परवाना लागत नाही. म्हणून कुणीही कुठेही गाडी लावावी, असं मात्र समजू नका. एकदा लावून पाहा. सकाळी दोन्ही वायपर नमस्कार केल्यासारखे उभे दिसतील. हा पहिला इशारा. दुसऱ्या खेपेला टायरची हवा जाते. निंबाखालची जागा बँकेतून निवृत्त झालेल्या काकाजींची, डीपीजवळची इलेक्ट्रिकच्या दुकानवाल्याची, वळणावरची कुणाचीच नाही, कारण तिथे कचरागाडी घासून जाते. ताबा दाखवायच्या खुणाही ठरलेल्या. सिमेंट भरलेला रंगाचा डबा, त्यात रोवलेला पाइप. फुटकी कुंडी. दोन विटा आणि वर आडवा बांबू. कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून निळं पाणी भरलेल्या बाटल्या आपल्याकडे घरापुढे ठेवतात. कुत्री त्यांना भितात की नाही देव जाणे, पण गाडीवाले भितात. बाटल्यांची ओळ दिसली की ड्रायव्हर आपोआप पुढे सरकतो.

माझा भाचा अमेरिकेत मिलवॉकीला राहतो. तिथे रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात रस्त्यावर गाडी ठेवायची, तर पैसे भरून रात्रीचा परवाना काढावा लागतो. परवाना काढला तरी घरासमोरच जागा मिळेल याची हमी नाही. शिवाय बऱ्याच रस्त्यांवर सम तारखेच्या रात्री सम घरनंबरांच्या बाजूला लावायची, विषम तारखेला विषमच्या. तारखेचा नियम आपल्यालाही नवा नाही, बाजारातले पी-१, पी-२ चे फलक पाहून आपण गाडी लावतोच. पण घरनंबरांचं काय करणार? आमच्या ओळीत प्लॉट नंबर ४३ च्या शेजारी ११२-ब आहे आणि त्यानंतर ४७. पार्सल आणणारी पोरं रोज फोन करकरून बेजार होतात. मिलवॉकीचा नियम इथे आणायचा, तर आधी घरांनाच नंबरवारीने उभं करावं लागेल.

जपानचं ऐकलं तर आपण गाडी घ्यायचंच सोडून देऊ. तिथे १९६२ पासून कायदा आहे. गाडी ठेवायला जागा दाखवा, मगच गाडी. जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, आणि दाखला पोलिसांकडून घ्यायचा. रात्री एकाच जागी ८ तासांहून जास्त वेळ गाडी रस्त्यावर ठेवणं तिथे गुन्हा आहे. आपण मोकळे आहोत असं वाटत असेल, तर मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम काढून वाचा. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ कुणाचं लक्ष नसताना सोडलेली गाडी उचलून न्यायला गणवेशातला पोलीस सांगू शकतो. आता आमच्या गल्लीचा हिशेब करा. गाडी रात्री आठला लागते, सकाळी साडेनऊला ऑफिसला निघते. १० तास केव्हाच होऊन गेले. वाद घालायला जागा आहे ती फक्त ‘लक्ष नसताना’ या शब्दांवर, कारण समोरच्या गॅलरीतून काकूंचं लक्ष रात्रभर असतं.

एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या कुठून? घरातून. ही सगळी जुनी प्लॉटवाली घरं; बांधली तेव्हा प्रत्येकाच्या नकाशात पोर्च होता आणि पोर्चमध्ये गाडीचा चौकोन होता. नकाशात तो अजून आहे. जागेवर कुणाची ट्यूशन चालते, कुणाचं ब्यूटी पार्लर, कुणी तिथे भिंत घालून विद्यार्थ्यांना खोली काढली. ज्यांची घरं पाडून फ्लॅट स्कीम झाली, त्यांच्याकडे खालचा मजला पार्किंगचा आहे. तिथे दुचाक्या, जनरेटर, चौकीदाराची खाट आणि कुणाचातरी न उघडलेला सोफा असतो. पहिली गाडी त्यातच कोंबतात, दुसरी बाहेर. कारसाठी नकाशावर साधारण अडीच बाय पाच मीटरची जागा धरतात, म्हणजे १३५ चौरस फुटांच्या आसपास. भाड्याची १० बाय १२ ची खोली १२० ची होते. खोलीतल्या पोराकडून महिन्याच्या पाच तारखेला भाडं वसूल होतं, आणि त्याला खोली देण्यासाठी बाहेर काढलेली गाडी त्याहून मोठ्या जागेत फुकट झोपते. घरमालक त्या पोराला वर सांगतो, “भाऊ, तुझी बाइक गेटसमोर नको लावत जाऊ.”

२०२२ मध्ये नितीन गडकरींनी चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवणाऱ्याला १००० रुपये दंडातले ५०० द्यावेत, अशी कल्पना बोलून दाखवली होती. आमच्या गल्लीत ती लागू झाली असती, तर प्रत्येकाने शेजाऱ्याचा फोटो काढून ५०० कमावले असते आणि शेजाऱ्याने काढलेल्या फोटोपायी १००० भरले असते. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं म्हटलं, तेव्हा काकाजी पोर्चचा जुना फोटो शोधत होते. त्यात त्यांची स्कूटर आहे आणि मागे मोकळी फरशी दिसते.

उन्हाळ्यात या सगळ्याला धार येते. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता; अशा गावात गाडी रात्री लावतात ती उद्याच्या उन्हाचा विचार करून. सुटीच्या आदल्या रात्री तर विचारूच नका. पूर्वेच्या घरांची सावली दहापर्यंत पुरते, निंबाची दिवसभर, पण निंबाखाली पाखरांची वस्ती आणि आषाढात निंबोळ्यांचा चिकचिकाट. गुलमोहराखाली जाणकार माणूस लावत नाही. मेअखेरच्या एका वादळात फांदी थेट बॉनेटवर येते. ज्यांना ठरलेली जागा नाही, त्यांच्या वाट्याला तो गुलमोहर उरतो.

त्यांच्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू नर्स आहे. तिची ड्यूटी संपून ती येते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. गल्ली भरलेली. मध्ये एक जागा रिकामी असते, चांगली ऐसपैस, तिथे विटा आणि बांबू. पहिल्याच रात्री तिने उतरून बांबू बाजूला केला, तर गॅलरीतून आवाज आला, “काऊन जी, तिथं नका लावू. आमच्या जावयाची जागा आहे.” जावई पुण्याला. दिवाळीला येतात, धोंड्याच्या महिन्यात येतात, तेही बहुतेक विमानाने. तिने बांबू परत होता तसा ठेवला, गाडी पार चौकातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी लावली आणि मोबाइलचा दिवा पाडत, मागे लागलेल्या कुत्र्यांना हाड् हाड् करत चालत आली. अजूनही तशीच येते. मी हे पाहतो म्हणून सांगतो, रात्रीचा परवाना आमच्याकडेही आहेच, फक्त तो शेजारी देतात. जो आधी आला, ज्याच्या नावावर घर आहे, ज्याची सासू गॅलरीत बसते, त्याला तो आपसूक मिळतो. कागदाचा परवाना, पैसे भरून, सगळ्यांना सारख्या दराने मिळत असेल, तर मला तो चालेल. तिला तर नक्कीच परवडेल.

शेजाऱ्यांच्या परवान्यात नुसता कद्रूपणा आहे असंही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पावसाने शहराला झोडपलं, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळघरात पैसे मोजून घेतलेल्या जागेवरच्या गाड्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांची गाडी सुरू होत होती, त्यांतले काही ती रडत-रखडत आमच्या उंचावरच्या गल्लीत घेऊन आले. सीटा काढून वाळत घातल्या. ओल्या गालिच्यांचा वास बरेच दिवस होता. त्या काळात कुणी वीट ठेवली नाही, डबा हलवला नाही. जावयाच्या जागेवर सुद्धा एक चिखलाने माखलेली व्हॅन उभी होती आणि काकू तिच्या मालकाला चहा देत होत्या.

गेल्या रविवारी उद्यानात ले-आऊटची बैठक झाली. आपणच आपले स्टिकर छापू, असं एकाने सुचवलं. कायद्याने त्याला काडीचा अर्थ नाही, रस्ता आपल्या बापाचा नाही, हे दुसऱ्याने लगेच सांगितलं, पण दर ठरवायला सगळे उत्सुक होते. काकूंनी विचारलं, “आमचे जावई पुढच्या महिन्यात येऊन राहिले, पाहुण्यांचा पास फुकट राहील ना?” मी म्हटलं, पहिल्या गाडीला थोडे पैसे, दुसरीला दुप्पट, तिसरीला चौपट. एक गाडीवाल्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या घरी तीन आहेत त्यांनी विषय कचरागाडीवर नेला. ती आजकाल गल्लीत आत शिरत नाही, चौकातूनच भोंगा वाजवून निघून जाते, काय हा कारभार, कुणी लक्षच देत नाही. गाडी आत का येत नाही, हे मी विचारणार होतो, तेवढ्यात तर्री-पोहे आले आणि बैठक प्लेटांकडे वळली.