सरांचा वर्डस्वर्थ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हाच ठरवलं, लिहायचं ते इंग्रजीच्या तासाबद्दल. पुढे इंग्रजी घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात तेच शिकवलं. पण कविता म्हणजे काय यावरून इंग्लंडातली मोठमोठी माणसं शंभरेक वर्षं का भांडली, हे मला कळलं ते नववी 'ब'मध्ये, एका कवितेवरून. कविता अर्थातच इंग्रज कवी वर्डस्वर्थची, डॅफोडिल्सची. ते फूल गावात कुणीच पाहिलं नव्हतं. सरांनीही नाही, आणि तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

गाईडमध्ये व्याख्या होती : उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक म्हणजे कविता. वर्डस्वर्थनं 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या १८०० सालच्या प्रस्तावनेत असं म्हटलंय खरं. पहिल्या बाकावरच्या एका हुशार गड्यानं ती घडाघडा म्हणून दाखवली. सर खडू हातात घोळवत म्हणाले, "अरे, उत्स्फूर्त ना? मग फुलं पाहिली १८०२ च्या एप्रिलात, कविता लिहिली १८०४ च्या सुमारास. मधली दोन वर्षं तुझा उद्रेक रजेवर होता काय?"

वर्ग हसला. सरांनी गाईडनं गाळलेलं पुढचं सगळं फळ्यावर मराठीत उतरवलं. त्याच वाक्यात वर्डस्वर्थ म्हणतो की, मोलाची कविता लिहिणारा माणूस संवेदनशील तर असतोच, पण त्यानं दीर्घकाळ आणि खोलवर विचारही केलेला असतो. आणखी पुढे म्हणतो, कवितेचा उगम निवांतपणी आठवलेल्या भावनेत असतो. ती आठवता आठवता निवांतपणा ओसरतो आणि मूळ भावनेची सख्खी बहीण शोभेल अशी नवी भावना मनात उभी राहते. अर्धं वाक्य घेऊन पळणारे मला पुढे एम. ए.च्या पेपरांतही भेटले. गाईडवाल्यांचे हात फार लांब आहेत.

मग सरांनी पुरावा काढला. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली एक जाड वही होती, पाठीला खळ लावून चिकटवलेली. तीत वर्डस्वर्थची बहीण डोरोथी हिच्या रोजनिशीतली १५ एप्रिल १८०२ ची नोंद उतरवलेली होती. अल्सवॉटर सरोवराचा काठ, सोसाट्याचा वारा. काही फुलं दमून उशीवर ठेवावं तसं दगडांवर डोकं टेकून पडलेली, बाकीची डोलत, झोकांड्या खात, नाचत होती. म्हणजे नाच आधी बहिणीच्या वहीत आहे. कवितेत मात्र कवी ढगासारखा एकटाच भटकतो, बहीण गायब! मुलींच्या बाजूनं जोरदार निषेध झाला. सरांनी तेल ओतलं : अंतःचक्षूवर लखकन उमटणाऱ्या चित्राच्या त्या दोन प्रसिद्ध ओळी त्याच्या बायकोच्या, मेरीच्या, आणि कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी त्याच, असं त्यानं स्वतःच म्हणून ठेवलंय. शिवाय १८०७ मध्ये छापलेली फुलं 'नाचरी' होती, ती १८१५ मध्ये 'सोनेरी' झाली आणि एक आख्खं कडवं नव्यानं आलं. याच वर्डस्वर्थचा नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता, हेही सर अशा थाटात सांगायचे की जणू तो त्यांच्याच आळीत राहत होता.

कवी शेलीला त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. कवी हे जगाचे मान्यता न मिळालेले कायदेकर्ते, हे त्याचं म्हणणं त्यांना फारच फुगवलेलं वाटे. मला आजही वाटतं.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलवर मात्र ते रमले. बापानं याला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतलं आणि विशीत पोरगा मनानं पार कोसळला. १८२८ मध्ये त्यानं वर्डस्वर्थ वाचला आणि आत्मचरित्रात लिहिलं की, त्या कविता माझ्या मनाला औषधासारख्या लागू पडल्या. पुढे १८३३ मध्ये त्यानं मांडलं की, वक्तृत्व ऐकवण्यासाठी असतं आणि कविता आपल्या कानी नकळत पडते. कवीला श्रोत्याचं भानच नसतं. आमच्या वक्तृत्व स्पर्धेतल्या वीरांना हे लागलं.

कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डची ओळख सरांनी 'दिपोटी' अशी करून दिली, कारण तो ३५ वर्षं शाळा तपासत हिंडला होता. कविता म्हणजे जीवनाची समीक्षा, आणि होमर, दान्ते, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या निवडक ओळी मनात बाळगून त्यांच्यावर इतर कविता घासून बघाव्यात, हे त्यानं १८८० मध्ये सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी त्यानं वर्डस्वर्थच्या कवितांची निवड काढली. तिच्या प्रस्तावनेत त्यानं बजावलं की उत्तम ते जवळजवळ सगळं १७९८ ते १८०८ मधलं, आणि याची कविता खरी, तत्त्वज्ञान हा भास. "शेरा असा लिहावा," सर म्हणाले. "नाहीतर आमच्या दफ्तरात बघा, 'प्रगती समाधानकारक'!"

कवी कोलरिजला त्यांनी शेवटच्या तासासाठी राखून ठेवलं होतं. 'लिरिकल बॅलड्स'मधला हा भागीदार, पण १८१७ च्या 'बायोग्राफिया लिटरारिया' या पुस्तकात त्यानं मित्राचे दोष एकेक करून मांडले. विषय लहान आणि विचार नि प्रतिमा मोठ्या, हा त्यातला एक. उदाहरण कुठलं? मेरीच्या त्याच दोन ओळी! अंतःचक्षू आणि एकांतातला परमानंद हे शब्द फुलांवर उधळले, तर सत्कर्मांत गेलेलं आख्खं आयुष्य आठवताना होणाऱ्या आनंदाला कुठले शब्द उरतात, असा त्याचा सवाल. आणि लगेच पुढे हृदय डॅफोडिल्सबरोबर नाचू लागतं, ही तर त्याला घसरगुंडी वाटली, जवळजवळ विडंबनच.

सर कोलरिजच्या बाजूचे. "फुलं ती फुलंच," म्हणाले. मी नाही. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. ते पुढे त्याच १८०० च्या प्रस्तावनेत सापडलं. वर्डस्वर्थ तिथं म्हणतो, माझ्या कवितांत प्रसंगामुळे भावनेला महत्त्व येत नाही, भावनेमुळे प्रसंगाला येतं. म्हणजे आक्षेप येण्याच्या सतरा वर्षं आधीच उत्तर छापून तयार होतं. सर असते तर यावरही त्यांनी वहीतून काहीतरी काढलंच असतं, बहुधा कोलरिजचंच.