तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकात बसून शेवंडाच्या मिशा

"सर, समुद्र कसाऱ्याच्या पलीकडे, तुम्ही नाशिकात. शेवंडाच्या मिशांचं एवढं काय घेऊन बसलात?" मिसळ खाताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. निवृत्तीच्या समारंभात तर एकाने माईकवरून विचारलं. आजवर हसून वेळ मारून नेली.

१९९८ची गोष्ट. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. टेबलावर फॉर्मालिनच्या बरणीत शेवंड (इंग्रजीत लॉबस्टर), शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. समोरचा मुलगा नांदूरमधमेश्वरकडचा, घरचा धंदा मासेमारीचा. मिशांकडे बोट करून मी विचारलं, "यांचं काम काय?"

"लांब मिशी चाचपायला, सर. बारकी वासाला."

"वासाला? पाण्यात? गोदावरीत बुडी मारून गुलाबाचा वास घेतलायस कधी?"

परीक्षक हसले. त्यांनी हसावं म्हणूनच मी बोललो होतो, हे तेव्हाही मला कळत होतं. मुलगा मात्र हसला नाही. म्हणाला, "सर, आम्ही रात्री टोपलीत झिंगे ठेवतो. अंधारात खाणं टाकलं की आधी बारक्या मिशा फटफट हलतात, मग झिंगा सरकतो. दिसत तर काही नसतं त्याला." मी म्हणालो, "पाण्यात असते ती चव. पुढचा." दोन मार्कांच्या रकान्यात शून्य घातलं. पेन जरा जोरातच दाबलं असावं, मागच्या कागदावर वण उठला होता.

दुसऱ्या वर्षाला तो आला नाही. माझ्यामुळे आला नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. घरची अडचण असेल, नोकरी लागली असेल. मी चौकशी केली नाही.

खरी लाज वेगळीच आहे. झिंग्याच्या धड्यात बारक्या मिशीवर 'ऑल्फॅक्टरी सीटी', म्हणजे वासाचे केस असतात, हे मी स्वतः दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. लिहीत होतो, वाचत नव्हतो.

पुढे वाचत गेलो. २००१ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मिमी कोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काटेरी शेवंडावरचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. बारक्या मिशीच्या बाहेरच्या फांदीवर अतिबारीक केसांच्या दाट रांगा असतात. एवढ्या लहान मापात पाणी पाण्यासारखं वागत नाही, काकवीसारखं चिकट वागतं. मिशी सावकाश हलली तर पाणी केसांच्या झुबक्याला वळसा घालून जातं. म्हणून शेवंड ती खाली झटक्यात मारतो. तेव्हा पाणी केसांच्या आत शिरतं, आणि वासाचे धागे जसे बाहेर होते जवळपास तशाच नक्षीत आत येतात. परत आणताना मिशी हळू येते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून राहतं. पुढच्या झटक्याला ते धुतलं जाऊन नवं येतं. प्रत्येक झटका म्हणजे एक हुंगणं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची 'फटफट'.

एका केसात वासाच्या सुमारे ३०० चेतापेशी. शिवाय खाऊन झालं की शेवंड तोंडाजवळच्या अवयवांनी या मिशा पुसून घेतो. हे वाचून मी उगाच माझा चष्मा पुसला होता.

आता माझी बाजूही ऐका. पाण्यात विरघळलेल्या रेणूला वास म्हणायचं की चव, हा वाद मी उकरून काढलेला नाही. अमिनो आम्लं शेवंडाला मिशीनेही कळतात आणि पायांनीही. रेणू तोच. मग मी 'चव' म्हणालो तर कुठे चुकलं? हे मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवलं. पण पायांच्या चेतातंतूंची वाट वेगळी. मिशीवरच्या या केसांचे तंतू मेंदूच्या ज्या भागात जातात तिथे गोळ्यागोळ्यांची जी रचना असते, तशीच आपल्या मेंदूत नाकाकडून आलेल्या तंतूंसाठी असते. यावर १९९८चा मी म्हणतो, "रचना सारखी म्हणून नाव तेच द्यायचं?" त्याला बिनतोड उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तो माणूस मला आवडतही नाही.

नंतर एकदा जिवंत झिंगे आणून घरी टबात सोडले. रात्री दिवा घालवून, लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघत बसलो. मासळीचा तुकडा दगडाआड टाकला. काही वेळ काहीच नाही. मग बारक्या मिशा सुरू झाल्या. बायको दारातून म्हणाली, "काय हो, अंधारात काय करताय?" मी म्हटलं, "पेपर तपासतोय." तिला तो विनोद वाटला.

बरणी अजून विभागात आहे. परवा गेलो तेव्हा पाहिलं, त्या शेवंडाच्या बारक्या मिशा मुळापासून तुटलेल्या आहेत. तेव्हाही तशाच असतील तर मी बोट ठेवलं ते लांब मिशीवर. म्हणजे प्रश्नच मुळी लांब मिशीचा होता आणि वासाचं उत्तर गैरलागू होतं. एवढी वर्षं गेल्यावर हा बचाव सुचला आणि क्षणभर बरंही वाटलं. मग आठवलं, लांब मिशीचं उत्तर त्याने आधीच दिलं होतं.