टाक्याचा धागा

आज सातव्या दिवशी अक्कलदाढेचे टाके काढले. काम जेमतेम दोन मिनिटांचं. डॉक्टरांनी चिमट्याने गाठ उचलली, कात्री लावली आणि धागा गॉजवर ठेवला. घातला तेव्हा काळा कुळकुळीत रेशमी होता. आता फुगलेला, त्यावर पिवळट थर. आठवडाभर तोंडाला जो वास येत होता, तो याचाच असावा!

मी विचारलं, एवढ्याशा दोऱ्यावर इतकं कसं साचतं? त्या म्हणाल्या, रेशमी धागा विणलेला असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी पेडांमधून लाळ चढते आणि लाळेसोबत जंतूही. तोंड काही निर्जंतुक ठेवता येत नाही. म्हणून काही टाक्यांच्या धाग्यांवर ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप देतात. जंतूंना धाग्यावर ठाणं मांडता येऊ नये, हा हेतू. शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये असे धागे सुचवले होते. (कल्पना तशी जुनीच. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर एकोणिसाव्या शतकातच कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकात मुरवलेलं कॅटगट, म्हणजे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला धागा, वापरत.)

पण धाग्यावर सगळा भार टाकू नका, असंही त्यांनी बजावलं. गुळण्या, हलक्या हाताने ब्रश आणि सिगारेट बंद, हे आहेच.

मला खरंच बरं वाटलं, कुणीतरी इतकं नीट समजावून सांगितलं म्हणून. डावीकडची दाढ अजून काढायची आहे. त्या वेळी धागा कोणता, हे आधीच विचारणार.