तीस सेकंद दिले होते, पाव सेकंदात टाइमआउट

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले आमचे एक ग्राहक यंत्रांचे सुटे भाग अमेरिकेला पाठवतात. तिकडच्या खरेदीदाराच्या सर्व्हरवरून ऑर्डरी उतरवून घ्यायच्या, एवढंच आमच्या नोड सर्व्हिसचं (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) काम. ती त्यांच्याच कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालते. नोड १८चा सपोर्ट एप्रिल २०२५मध्ये संपला म्हणून २० टाकलं. कोडला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या ग्राहक काकांचा फोन: "ताई, सकाळपासून एकही ऑर्डर आली नाही."

लॉगमध्ये नुसतं 'फेच फेल्ड', म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणणारं फेच हे फंक्शन फसलं. आधी मी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, दहाची तीस सेकंद केली. काही फरक नाही. त्याच कॉम्प्युटरवरून कर्ल (कमांड देऊन विनंती पाठवायचं साधन) मारलं तर उत्तर येत होतं.

रात्री दांडिया बाजारातल्या घरी, जेवणं उरकल्यावर, लॉगमधल्या वेळा वहीत एकाखाली एक उतरवल्या. विनंती निघाल्यापासून एरर येईपर्यंत २५४ मिलिसेकंद. पुढची २५३. त्यापुढची २५६. माझे तीस सेकंद इथे लागूच होत नव्हते. ही मुदत दुसऱ्या कुणाची तरी होती.

फेचच्या एररला कॉज (मूळ कारण) असतो आणि त्याच्या पोटात एरर्सची यादी. ती छापली आणि उलगडा झाला: सर्व्हरच्या आयपीव्ही४च्या (जुन्या पद्धतीच्या इंटरनेट) पत्त्याला ईटाइम्डआउट, म्हणजे मुदत संपली; आयपीव्ही६च्या (नव्या पद्धतीच्या) पत्त्याला ईनेटअनरीच, म्हणजे तिथवर वाटच नाही. एका नावाचे अनेक पत्ते असले की नोड २० ते एकामागून एक करून बघतो. २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही की पुढचा पत्ता. २०१७च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्येही हाच आकडा सुचवलाय, पण तिथे पहिला प्रयत्न चालू ठेवून दुसरा सुरू करायचा असतो. नोड पहिला सोडूनच देतो, आणि हे मला अजिबात पटत नाही. बडोद्याहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन यायलाच साधारण पाव सेकंद जातो! कारखान्याच्या इंटरनेट लाइनवर आयपीव्ही६ नाही, त्यामुळे दुसरा पत्ता जागच्या जागी बाद.

सुरुवातीच्या फाइलीत एक ओळ घातली: नेट मॉड्यूलचं सेट-डिफॉल्ट-ऑटो-सिलेक्ट-फॅमिली-अटेम्प्ट-टाइमआउट, किंमत १००० मिलिसेकंद. पत्त्यांची ही आपोआप निवड सरसकट बंदही करता येते, पण उद्या लाइनवर आयपीव्ही६ आलं तर ती हवीच.

पहिली ऑर्डर रात्री साडेअकराला उतरली. तिसाचे परत दहा सेकंद केले, आणि कॉजमधली अख्खी यादी लॉगमध्ये जाईल अशी सोय करून मगच झोपले.